डावीकडचं मागचं दार

६ डिसेंबर १९५८, शनिवार

गाडीचं दार गेलं! डावीकडचं, मागचं. घरी पोचून दोन तास झाले, आता लिहायला बसलोय.

नेरहून यवतमाळला परतत होतो. हिच्या भावाकडे बारसं होतं. मी पुढे स्टिअरिंगवर, ही नेहमीप्रमाणे मागे, डाव्या अंगाला, डोक्यावर पदर घेऊन. चिंचफाट्यावर कापसाच्या बैलगाड्यांची रांग आडवी आली, म्हणून गाडी अगदी मुंगीच्या पावलानं काढावी लागली. फाट्यावर वीस-पंचवीस माणसं सर्विस मोटारीची वाट पाहत उभी होती. पांढरी लुगडी नेसलेल्या बायाच जास्त. आज सहा डिसेंबर, यवतमाळात बौद्ध मंडळींची सभा असते. त्यातल्या एकीने, कडेवर लेकरू होतं, हात केला. मी फाट्यावर कोणाला गाडीत घेत नाही. एकीला घेतलं की दहा चढतात. बैलगाड्या सरकल्या तसा मी वेग वाढवला, वळण घेतलं, आणि मागे धाडकन आवाज.

उतरून पाहतो तर दार सताड उघडलेलं, मैलाच्या दगडाला आपटून मागे मुडपलेलं, एका बिजागरीवर लोंबतंय. ही सीटच्या कोपऱ्यात. मनगट मुरगळलं, बाकी कुठे खरचटलंसुद्धा नाही. देवाची कृपा. विचारलं, 'अगं, झालं काय?' तर माझ्याकडे नुसती बघत राहिली. एका गाडीवानाकडून कासरा मागून घेतला आणि दार बांधलं. बांधत होतो तेवढ्यात सर्विस मोटार आमच्या अंगावर धूळ उडवत निघून गेली. ही त्या मोटारीकडे कितीतरी वेळ बघत होती. घाबरली असणार.



७ डिसेंबर

बाबुलाल मिस्त्री येऊन गेला. दाराभोवती तीन चकरा मारल्या, बिडी पेटवली, विझवली, मग निकाल दिला — 'दार गेलं ते गेलंच, वकीलसाहेब. ठोकून सरळ कराले जाल तं पत्रा फाटते. दुसरं पहा.'

म्हटलं, दार बदलायचं म्हणजे असं काय मोठं? चार स्क्रू काढायचे, चार लावायचे. हसला. म्हणाला, घराचं दार नाही हे. गाडी त्याच सालची पाहिजे, बाजू तीच पाहिजे, बिजागऱ्या शाबूत पाहिजेत. बिजागरीचे बोल्ट बारा वर्षांत गंजून बसलेत, ते दोन दिवस घासलेट पाजल्याशिवाय हलायचे नाहीत. दार एकट्याला पेलत नाही. आणि बसवल्यावर पहिल्या दिवशी लागत नाही, लागलं तर उघडत नाही, उघडलं तर खडखडतं. 'पंधरा दिवस धीर धराले लागते. रंगाची तं आशाच सोडा.'

अशील घाबरवावा तर असा. वकिलीत आला असता तर माझी कामं गेली असती.

माझी गाडी सेहेचाळीस सालची, विलायती. मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला आहेत, म्हणजे दार पुढून उघडतं. चालत्या गाडीत जरा फटलं की आत वारा भरतो आणि ते हाताने आवरत नाही. बाबुलालचं म्हणणं, खटका ढिला झाला असेल. मलाही तसंच वाटतं.

८ डिसेंबर

ही बोलत नाही.

११ डिसेंबर

बोलत नाही म्हणजे माझ्याशी बोलत नाही. स्वयंपाकाच्या कांताबाईशी व्यवस्थित बोलते, आणि मला जे सांगायचं ते कांताबाईच्या मार्फत. मी ताटावर, ही चार हातांवर चुलीपाशी, आणि मधे कांताबाई — 'बाई म्हणते, कढी वाढू का.' मी म्हणतो, वाढ. कांताबाई तिकडे वळून सांगते, 'वाढ म्हणते.' एवढ्या अंतरावरून दोघांनाही सगळं ऐकू येतं. कांताबाईचा चेहरा मात्र बेलिफासारखा गंभीर असतो.

आज समन्स आलं — 'बाई म्हणते, मी आता त्या गाडीत बसणार नाही.'

विचारलं, काहून? कांताबाईने कढीचं भांडं पुढे केलं.

तिचं भय समजण्यासारखं आहे. शेजारचं दार चालत्या गाडीत उघडलं तर कोणाचीही छाती दडपेल. पण संक्रांतीला दरवर्षी हिला नेरला माहेरी नेतो. बावीस वर्षांत एकही संक्रांत चुकलेली नाही, बैलगाडीच्या काळातसुद्धा. दार संक्रांतीच्या आत बसलं पाहिजे. मजबूत दार पाहिलं की भीती जाईल, भीती गेली की बोलेल. सरळ आहे.

१५ डिसेंबर

नागपूरच्या एका भंगारवाल्याकडे आमच्याच गाडीची जुळी बहीण पडून आहे असं बाबुलालने हुडकून काढलं. अपघातात उजवीकडून चेपलेली, डावी बाजू धड. मी स्वतः पत्र लिहून दार मागवलं. बाबुलाल म्हणत होता, मी जाऊन आणतो. म्हटलं, पत्र बरं. लेखी असलं की घोळ होत नाही.

हिच्या मनगटाची सूज उतरलीय. काल दारात उभी राहून कासऱ्याने बांधलेल्या त्या मोडक्या दाराकडे बघत होती. मी दिसताच आत गेली.

२० डिसेंबर

दार आलं. उजवीकडचं!

आणि तेही चेपलेलं. भंगारवाल्याला चार शब्द सुनवायला बसलो आणि आधी पत्राची नक्कल काढली. नक्कल माझ्याच हातची. तिच्यात स्वच्छ 'उजवे' लिहिलेलं. पत्र लिहिताना गाडीसमोर उभा होतो, तोंड गाडीकडे. मोडकं दार माझ्या उजव्या हाताला दिसत होतं, तेच लिहिलं. बारा वर्षं गाडी चालवतो आणि तिची डावी-उजवी बाजू कळू नये!

बाबुलालने मान खाली घालून ऐकून घेतलं. 'होते, साहेब. समोरून पाह्यलं का उलटंच दिसते.' कांताबाई मात्र पदर तोंडात कोंबून आत पळाली. आतून हिच्या हसण्याचा आवाज येईल म्हणून कान दिला. आला नाही. पूर्वी असल्या फजितीवर ती आठ दिवस हसली असती.

२१ डिसेंबर

उलटतपासणी करून पाहिली. साक्षीदार कांताबाई. बाईला काय झालंय? 'मले काय माहीत.' तुझ्याशी काय बोलते? 'भाजीचं बोलते.' अजून? गव्हातला खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, 'वकीलसाहेब, तुम्ही दाराच्या मागं कायले लागले? माणसाच्या मागं लागा ना.'

साक्षीदार फितूर आहे. पण काय म्हणायचं होतं तिला?

२३ डिसेंबर

जया.

या वहीत दोन वर्षं हे नाव लिहिलं नव्हतं. लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज लिहिल्याशिवाय पुढचं सुचत नाहीये.

आमची एकुलती एक. मॅट्रिक झाली, मी पुढे शिकवायला तयार होतो, आणि तिने श्रावण मास्तरशी लग्न केलं. तो बौद्ध झालेला, शाळेत शिकवतो. तीही बौद्ध झाली. मी म्हणालो, या घराचा उंबरा तुला बंद. हिच्याकडून शपथ घेतली नाही, पण तिनेही माझ्यासमोर नाव काढलं नाही. मी ते संमती धरून चाललो. गेल्या वर्षी मुलगा झाला असं नेरला कोणाच्या तरी तोंडून कानावर आलं. मी विषय बदलला.

श्रावण मास्तरची शाळा चिंचफाट्याहून तीन मैल आत आहे. मला ठाऊक आहे. त्या फाट्यावर मी नेहमी गाडी जोरात काढतो, हेही इथे लिहून ठेवतो.

आता प्रश्न असा — दार नेमकं त्याच फाट्यावर का उघडावं? योगायोग. खटका ढिला होता. दुसरं काय असणार?

२७ डिसेंबर

या वेळी बाबुलाल स्वतः जाऊन आला. दार डावीकडचंच आहे. रंग हिरवा. आमची गाडी काळी.

शिवाय आतली मूठ नाही. कोणीतरी आधीच उपटून नेली. बाहेरून उघडतं, आतून नाही. बाबुलाल म्हणाला, जुन्या दाराची मूठ काढून यात बसवू, एका तासाचं काम. म्हटलं, बघू.

२८ डिसेंबर, रविवार

आज दार बसवलं. सकाळपासून दुपारपर्यंत. बघण्यासारखा प्रकार होता.

बोल्ट दोन दिवस घासलेटात भिजूनही एक तुटलाच. बाबुलालने शिव्या दिल्या, मग हिला पाहून जीभ चावली. जॅकवर रिकामं पोतं ठेवून त्याच्यावर दार उभं केलं. बाबुलाल आणि त्याचा पोऱ्या, दोघांनी धरलं आणि तिसऱ्याने, म्हणजे मी, बिजागरीत बोल्ट घातला. दार वर लागतं, खाली फट राहते. बिजागरीखाली पत्र्याची चकती सारली, तर खाली लागलं आणि वर फट. पुन्हा सगळं ढिलं केलं. असं सहा वेळा. एखादा दिवाणी दावा याहून लवकर निकाली निघतो.

एवढं करूनही खटका खांबाच्या खाचेत बसेना. बाबुलाल म्हणाला, 'बाई, चिमूटभर कुंकू देता का?' मला वाटलं, आता पूजा करतो की काय. ही करंडा घेऊन आली. त्याने कुंकू तेलात कालवून खटक्याच्या टोकाला फासलं, दार आपटलं आणि उघडलं. खांबावर खाचेच्या बोटभर वर लाल ठिपका! नेमकं कुठे लागतंय ते दिसलं. पुन्हा ढिलं, पुन्हा कुंकू. चौथ्या ठिपक्याला खटका खाचेत गेला आणि 'खट्' असा आवाज आला. तसा आवाज मला आजवर कुठल्या निकालात ऐकू आला नव्हता.

ही शेवटपर्यंत उभी होती, करंडा हातात घेऊन. मी म्हटलं, 'बघ, आता हत्तीने ओढलं तरी उघडायचं नाही.' तिने कांताबाईला सांगितलं, चहा टाक.

कुंकवाचा हात तिने पदराला पुसला होता. हिरव्या लुगड्यावर लाल डाग. इतका जवळून मी तिचा पदर कितीतरी दिवसांनी पाहिला.

३० डिसेंबर

हे कसं लिहू?

बाबुलाल जुनं दार न्यायला आला होता. नेण्याआधी त्याचा खटका उघडला. सवय आहे त्याची, जुना माल तपासल्याशिवाय उचलत नाही. मला हाक मारली. 'वकीलसाहेब, हा खटका तं सलामत आहे. आतली स्प्रिंगबी शाबूत. असा आपोआप सुटत नाही हा.'

मग सुटला कसा? त्याने मूठ फिरवून दाखवली. खटक्याची जीभ आत गेली. सोडली, बाहेर आली. पुन्हा फिरवली. 'असा सुटते. आतून कोणी मूठ फिरवली तं.' एवढं बोलून तो बिडी शोधायला लागला. माझ्याकडे बघेना.

मागे ती एकटीच होती.

मुरगळलेलं मनगट! मी समजत होतो, उघडणारं दार ओढून धरताना मुरगळलं. आता वाटतं, उघडताना. वाऱ्याने दार हातातून हिसकलं तेव्हा.

चालत्या गाडीतून? माझी बायको?

३१ डिसेंबर

कोर्टात गेलो नाही. डोकं दुखतं असं कळवलं. खरंच दुखतंय.

दोन शक्यता. एक — तिला फाट्यावर उतरून लेकीकडे जायचं होतं. पण मग 'थांबवा' म्हणायला काय झालं होतं? मी थांबवली असती का? नसती. बरं, दुसरी शक्यता लिहवत नाही.

विहिरीवरचा दोर काढून माळ्यावर टाकला. कांताबाई विचारते, पाणी कायनं काढू? पुन्हा खाली आणला. मला भीती वाटतेय, एवढंच खरं. बावीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या मनात काय आहे ते तिला विचारायची भीती.

१ जानेवारी १९५९

बाबुलालला सांगितलं, नव्या दाराला आतली मूठ बसवू नकोस. त्याने दोनदा विचारलं — 'नक्की?' नक्की. जुन्या दाराची मूठ टेबलाच्या खणात ठेवली आहे.

४ जानेवारी

बाबुलाल बिजागऱ्या आवळायला आला. नवं दार आठवड्याने थोडं खाली उतरतंच, म्हणाला, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घडाभर पाणी ओतून पाहिलं, आत थेंब नाही. आता कांताबाईमार्फत अर्ज गुदरला — बाईंनी एकदा बसून तरी पाहावं, गाडी जागची हलणार नाही.

आश्चर्य म्हणजे ती आली. पदर सावरून मागे बसली. मी बाहेरून दार लावलं. खट्! छान वाटलं. दोन मिनिटं गेली. मग तिचा हात दारावरून फिरताना काचेतून दिसला. वर, खाली, पुन्हा वर. मूठ होती त्या जागी भोक. त्या भोकात तिने बोट घालून पाहिलं. मी धावत जाऊन दार उघडलं.

उतरली आणि जवळजवळ महिन्याने थेट माझ्याशी बोलली.

'मले कोंडून नेता का?'

एवढंच. बाबुलाल हातोडी पुसत राहिला. मी म्हटलं, अगं, तुझ्याच जिवासाठी. ती आत गेली होती. हे वाक्य मी कोणाला ऐकवलं कोण जाणे.

५ जानेवारी

'मले कोंडून नेता का?' फाइल उघडली तरी तेच दिसतंय.

९ जानेवारी

मूठ बसवली. स्वतःच्या हाताने.

बाबुलालला बोलावलं नाही. दाराचं अस्तर काढलं, दोन टाचण्या बोटात घुसल्या, एक स्क्रू दाराच्या पोटात पडला आणि तो काढायला पाऊण तास गेला. एका तासाचं काम सकाळभर पुरलं. पण बसली. आत बसून दहा वेळा फिरवून पाहिली. दार दहाही वेळा उघडलं. ती ज्या जागी बसते तिथे मी पहिल्यांदाच बसलो. तिथून पुढच्या सीटवरच्या माणसाचं फक्त डोकं दिसतं. रस्ता डाव्या काचेतून दिसतो, अगदी जवळून. रस्त्याच्या कडेला कोणी उभं असेल तर त्याचा चेहरा हातभर अंतरावर यावा.

बाहेर आलो तर ती ओसरीत उभी. म्हटलं, 'मूठ बसवली. तुला जेव्हा उघडायचं तेव्हा उघड. फक्त आधी मला सांग, मी थांबवतो. शप्पथ, थांबवतो.'  

ती बघत राहिली, पण तशी नाही. जरा गोंधळल्यासारखी. मीच एकटा गोंधळलो आहे असं आजवर समजत होतो.

१२ जानेवारी

कांताबाई — 'बाई म्हणते, संक्रांतीले कितीक वाजता निघाचं?'

१४ जानेवारी, संक्रांत

चिंचफाटा आला. मागून आवाज आला, 'थांबवा.' थांबवली. मागे न बघता म्हटलं, 'जा. भेटून ये तिला. पण त्या दिवशीसारखी चालत्या गाडीतून उतरू नको.'

'मी कायले उतरू? त्या दिवशीबी मी उतरत नव्हती. पोरगी उभी होती इथं, पांढऱ्या लुगड्यात, लेकराले कडेवर घेऊन. तिनं हात केला. गाडी हळू झाली, मले वाटलं तुम्ही तिच्यासाठीच थांबून राह्यले. म्हणून तिले आत घ्याले दार उघडलं. अन् तुम्ही गाडी दामटली. महिनाभर मले वाटे, पाहून दामटली.'

मी म्हटलं, मला दिसली नाही.

ती हळूच म्हणाली, 'लेक नाही ओळखू आली तुम्हाले?'

दिसली होती. सहा तारखेच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे, लेकरासकट.

आज फाट्यावर कोणी उभं नव्हतं. हिला पुढे येऊन बस म्हटलं, हिलाच रस्ता विचारला आणि गाडी आतल्या वाटेला वळवली. मागची सीट रिकामी ठेवली आहे.